डावऱ्या हाताचा पीळ

कोल्हापूर,
१४ जुलै २०२५

ती. सयाजीमामा,

साष्टांग नमस्कार. पाकीट बघून दचकू नका, घरी सगळे बरे आहेत, आईचा दमाही आटोक्यात आहे. पण अख्ख्या जिल्ह्यात मोबाइल न वापरणारा एकच माणूस उरलाय आणि तो नेमका माझा मामा, म्हणून मला पोस्टाचं तिकीट शोधत फिरावं लागलं!

बातमी अशी की माझ्या सिनेमाला निर्माता मिळाला. मोठे गृहस्थ आहेत. नाव इतक्यात कुणाला सांगू नको म्हणालेत, म्हणून नाही सांगत. गोष्ट एका निवृत्त गुंडाची आहे. भैरू त्याचं नाव. एके काळी कोल्हापूर त्याला टरकून असायचं आणि आता तो घाटमाथ्यावर पिठाची गिरणी चालवतो. हो, कळलं, तुमच्यावरूनच घेतलंय. रागावू नका, मी त्याला मिशी दिलीय.

सगळं जमलंय, एकच गोष्ट अडलीय. निर्माते म्हणतात, "त्यानं धंदा सोडला का, ते पटत नाही." आमच्यात याला मोटिव्हेशन म्हणतात. माणूस जे करतो ते का करतो. मी पाच कारणं लिहून दिली, त्यांनी पाचही फेटाळली. म्हणाले, असा एखादा खरा माणूस गाठ आणि त्यालाच विचार. म्हणून विचारते. मामा, तुम्ही का सोडलंत?

गिरणीवर दळणं घेतात त्या बाळाबाईंना माझा नमस्कार. त्यांच्या हातची नाचणीची भाकरी अजून जिभेवर आहे. आणि गेल्या दसऱ्याला तुम्ही दिलेले पैंजण मी पायातून काढलेले नाहीत. जो तो विचारतो कुठून घेतले म्हणून.

तुमची,
अनुजा

* * *

गगनबावडा,
१९ जुलै

चि. अनुजाला सयाजीमामाचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या त्या भैरूला मिशी देऊ नगंस, गिरणीत मिशीला पीठ लागतंय, माणूस माकडावानी दिसतंय.

का सोडलं म्हणून इचारतीस. गुडघं गेलं, म्हणून सोडलं. जिना चढून कुणाला दम द्यायला जावं आन् वर पोचूस्तवर आपल्यालाच दम लागावा, असली तऱ्हा झालती. आन् कळंब्याच्या जेलात तीन वर्सं आमटी खाल्ली, तिचाबी कट्टाळा आलता. एवढंच. ह्यात पिच्चर काढण्यासारखं काय न्हाय.

ही असली गोष्ट कशाला लिहितीस पोरी? सासू-सुनंचं काय तरी लिही की. आन् निर्माता कोण त्ये सांग. नाव लपवून ठेवणाऱ्या माणसाचं काम मी उभ्या जन्मात चांगलं बघितलं न्हाय.

बाळाबाई बरी हाय. कुणाला तिच्याबद्दल सांगत बसू नगंस, तिला आवडत न्हाय.

सयाजीमामा

* * *

कोल्हापूर,
२५ जुलै

ती. मामा,

तुमचं पत्र वाचून आई आणि मी पोट धरून हसलो. पण निर्मात्यांना गुडघा पटला नाही. ते नुसते हसले आणि म्हणाले, "गुडघ्यासाठी कुणी धंदा सोडत नाही. त्याला शेवटचं एक काम दिलं असणार, ते त्यानं केलं नसणार. त्यालाच विचार."

मामा, काय डोकं आहे या माणसाचं! मी चार महिने जी गाठ सोडवत होते ती त्यांनी एका वाक्यात सोडवली. पुढं म्हणाले, "काम एखाद्या बाईचं ठेव. तिनं काहीतरी बघितलंय. भैरूला तिला संपवायला पाठवलंय. आता तू शोधून काढ, त्यानं संपवली का नाही? आणि नसेल, तर बाई आहे कुठं?" मी घरी येऊन लगेच वहीत उतरवून घेतलं. लिहिणारी मी, पण गोष्ट त्यांनाच जास्त कळलीय.

आता नाव सांगतेच, तुम्हाला आनंद होईल. नृसिंहअण्णा! हुपरीचे चांदीवाले. हिवाळ्यात निवडणुकीला उभे राहणार आहेत, गल्लोगल्ली फलक लागलेत. म्हणाले, "सयाजी तुझा मामा? अगं, आम्ही एका ताटात जेवलोय." तुम्ही कधी बोलला नाहीत!

चार तारखेला त्यांच्या बंगल्यावर पूर्ण गोष्ट वाचून दाखवायची आहे. नवी साडी नेसणार आहे.

तुमची,
अनुजा

* * *

गगनबावडा,
३१ जुलै

अनुजा,

हे पत्र मिळंल तसं हातातलं काम टाक. बंगल्यावर जाऊ नगंस. आजारी पडले म्हण, आई आजारी हाय म्हण, काय वाटंल ते सांग.

आन् त्याच्या म्होरं पायात ते पैंजण घालून जाऊ नगंस. कुणाम्होरंच घालू नगंस. काढ आन् तांदळाच्या डब्यात तळाला ठेव. चूक माझी हाय. लई देखणं झालतं म्हणून तुला दिलं, तवा माझी अक्कल चरायला गेलती.

पिच्चरमधी लिहायचंच आसंल तर असं लिही. भैरूनं त्या बाईला मारली. सांगितलेलं काम केलं. मग त्याला अन्न जाईना म्हणून सोडला धंदा. बाई मेली, गोष्ट सपली. दुसरं काय लिहू नगंस.

कालपासनं मांडुकलीला रस्त्यावर पाणी हाय, एसटी बंद हाय, पोस्टमन आज आला न्हाय. हे कवा पोचंल देवाला म्हाईत. मला घरात बसवत न्हाय.

सयाजी

* * *

कोल्हापूर,
४ ऑगस्ट

ती. मामा,

तुमच्या उत्तराची वाट बघून शेवटी लिहायला बसले. आजच गोष्ट ऐकवून आले. सिनेमा होणार!

अण्णा झोपाळ्यावर बसले होते, मी खाली सतरंजीवर. त्यांची नात अदिती, सहा वर्षांची, मध्येमध्ये येऊन माझ्या पैंजणांना हात लावत होती. अर्ध्या गोष्टीत अण्णा एकदम म्हणाले, "थांब. एक पैंजण काढून दे." मी दिला. त्यांनी चष्मा लावला, उजेडात धरला, साखळीवरून अंगठा फिरवला. मग विचारलं, "हा पीळ उलटा आहे. नवाच आहे की. कुठं मिळाला?" मी अभिमानानं सांगितलं, माझ्या मामानं गेल्या दसऱ्याला दिला, गगनबावड्याहून.

त्यांनी पैंजण स्वतः माझ्या हातात ठेवला. पुढची गोष्ट ऐकलीच नाही. "गोष्ट झाली आपली," म्हणाले. "आता फक्त मामाला भेटायचं. लोकेशन बघायला आपण गगनबावड्यालाच जाऊ. रस्ता मोकळा झाला की लगेच."

तुम्हाला चालेल ना? बाळाबाईंना म्हणावं, चांगल्या दहा-बारा भाकऱ्या टाका.

तुमची,
अनुजा

* * *

गगनबावडा,
९ ऑगस्ट

अनुजा,

हे पत्र पोस्टात टाकलेलं न्हाय. ओळखीच्या कंडक्टरच्या हाती पिठाच्या पिशवीतनं धाडलंय. वाच आन् चुलीत घाल.

आता खरं सांगतो. हुपरीत केरबा म्हणून कारागीर हुता. बावीस वर्सं झाली. आटवायला आलेल्या चांदीत त्याला देवाचा मुखवटा घावला, देवळातनं चोरलेला. त्यो म्हणला, मी फौजदाराला सांगणार. नृसिंहानं त्याला त्याच्याच भट्टीपाशी मारला आन् भाजून मेला म्हणून उठवून दिलं. मी भाईर दारात राखणीला हुतो. खोटं कशाला बोलू, हुतो मी तितं.

केरबाची बायको तानाबाई आतल्या खोलीत हुती. तिनं फटीतनं बघितलं. महिन्यानं नृसिंहाला ह्याचा सुगावा लागला, आन् त्यानं मला धाडलं. मी जाऊन आलो आन् सांगितलं, मारली, करूळच्या घाटात टाकली.

मारली न्हाय. ती तानाबाई म्हंजे आमची बाळाबाई.

तानाबाई डावरी. चांदीच्या तारंला पीळ घालताना समद्या कारागिरांचा हात एका बाजूला फिरतोय, हिचा दुसऱ्या. अख्ख्या हुपरीत उलटा पीळ हिचा एकटीचा. तिचा माल नृसिंहच उचलायचा, त्यामुळं त्याला डोळं झाकून वळखू येतोय. बावीस वर्सं तिनं तारंला हात लावला न्हवता. गेल्या साली म्हणली, तुझ्या भाचीसाठी करते. मी तार आणून दिली. मला लई बरं वाटलं हुतं, बाळ. तितंच फसलो.

आता त्याला म्हाईत हाय की पीळ नवा हाय. म्हंजे हात जिता हाय.

तू एवढंच सांग, पैंजण मामानं सोताच्या हातानं केल्यात. मामा गणपती झाल्यावर सोता येतोय, तवर इकडं येऊ नगासा म्हणावं. आन् घाबरलीयास हे त्याला दिसू दिऊ नगंस. त्याला भ्यालेल्या माणसाचा वास येतोय.

सयाजी

* * *

कोल्हापूर,
१७ ऑगस्ट

मामा,

पत्र जाळलं नाही. जाळवेना. देव्हाऱ्याच्या मागं ठेवलंय.

मी काय करून बसले हो! हौसेनं पाय पुढं करून दाखवले त्यांना. बाई कुठं आहे, हे ते मला विचारत होते आणि मी घरी येऊन वहीत उतरवून घेत होते, की वा, काय प्रश्न आहे!

तुम्ही सांगितलंत तसं सांगितलं. ते इतके हसले की झोपाळा थांबला. "सया? त्याच्या त्या बोटांनी पीळ घालतो? बरं, मग माझ्यासमोर घालू दे. दहा सप्टेंबर, बुधवार, सकाळी अकरा. नाही आला तर मी येतो."

चार दिवसांपासून आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी गाडी उभी असते. दूधवाल्याला विचारलं तर म्हणाला, कुणाची माहीत नाही. आई विचारते, जेवत का नाहीस. तिला काय सांगू? गाडीचं दार वाजलं तरी मी खिडकी लावून घेते.

आपण पोलिसांत जाऊया ना मामा. आणि एक सांगा, तुम्ही तिला मारलं का नाहीत? सिनेमासाठी विचारत नाही. मला कळायला हवंय.

अनुजा

* * *

गगनबावडा,
२९ ऑगस्ट

अनु,

पोलिसात कुणाच्या जिवावर जायाचं? केरबाचा कागद कवाच बंद झालाय. बाळाबाई कागदावर मेलेली हाय. तिला कोर्टात हुबी केली तर पैल्या तारखेच्या आधी ती खरीच मरंल, आन् हे मी न्हाय, तीच म्हणती. मी तरी इचारून बघितलं. म्हणली, मला आता कुठं जायाचं न्हाय.

रोज सकाळी गिरणी बंद ठेवून आम्ही बसतोय. ती शिकवती, मी डाव्या हातानं पीळ घालतोय. नरम तार हाय, तरी बोटं सोलून निघाली. काल म्हणली, "तुम्हा पैलवानांच्या हातात अक्कल पोचलीच न्हाय." मी म्हणलो, अक्कल आसती तर गुंड झालो आस्तो का? लई दिसांनी हासली.

चार बोटं लांबीचा पीळ बराबर येतोय. पाचव्या बोटाला हात थरथरतोय, पीळ सैल पडतोय. नृसिंहानं चार बोटांवर भागवलं तर जगलो.

दिस मोजतोय. खरंच सांगतो, भ्या वाटतंय. जेलात वाटलं न्हवतं एवढं. माझं काय न्हाय, माझं आटपत आलंय. पण मी चुकलो तर दुसऱ्या दिशी त्यांची गाडी गिरणीच्या दारात आसंल, आन् घरात ती एकटी आसंल.

दहाला येतो. तू माझ्याकडं बघू नगंस, रडू तर अजिबात नगंस.

सयाजीमामा

* * *

कोल्हापूर,
११ सप्टेंबर

ती. मामा,

काल तुम्ही माझ्याशी एक शब्दही न बोलता सरळ स्टँडवर गेलात. बरोबरच केलंत. बंगल्याच्या फाटकापर्यंत दोन माणसं तुमच्या मागे होती. पण तुम्ही गेल्यावर काय झालं ते तुम्हाला कळायला हवं.

आधी माझं सांगते, नाहीतर छाती फुटेल. तुम्ही पिशवीतून हातोडी काढलीत, तार अडकवायला खिळा ठोकायला उठलात, आणि अण्णा म्हणाले, "भिंत खराब करू नको. टोक मी धरतो." तुमचा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते तुम्हाला माहीत नाही. मला वाटलं, संपलं. ते तुमच्यापासून हातभर अंतरावर बसले, तारेचं टोक चिमटीत धरलं, आणि तुम्ही पीळ घालायला लागलात. तार बघतच नव्हते ते. तुमच्या डोळ्यांत बघत होते.

"तिला टाकलीस कुठं म्हणालास?"

"करूळच्या घाटात."

"मग तिचा पीळ तुझ्या हातात आला कसा?"

तुम्ही हात थांबवला नाही. म्हणालात, "तिची अवजारं उचलून आणलेली. मला झोप लागंना. तिच्यावानी पीळ घालत बसायचो. हुबेहूब जमाय लागला, तवा झोप लागली."

मामा, मला माहीत होतं हे खोटं आहे, तरी क्षणभर मला ते खरंच वाटलं. आणि तुमचा अंगठा चौथ्या बोटाच्या पुढं सरकला. मी मोजत होते. पाचवं बोट आलं आणि तुमचा हात थरथरायला लागला, तेवढ्यात अण्णांनी टोक सोडून दिलं. देवच पावला.

तुम्ही गेल्यावर ते खूप वेळ खूश होते. मला म्हणाले, "बघ, हे मोटिव्हेशन! पश्चात्ताप! मारली आणि जन्मभर तिचाच पीळ घालत बसला. लेकाचा बायकांपेक्षा हळवा निघाला." मग म्हणाले, "सिनेमा आता नको. माझं काम झालं." माझं हस्तलिखित त्यांनी झोपाळ्यावरच ठेवलं, मी ते उचललंही नाही. संध्याकाळी बघितलं तर गल्लीतली गाडी गेली होती.

पण मामा, निघताना त्यांनी मला थांबवलं. अदितीला हाक मारली, तिच्या घोट्याभोवती दोरा गुंडाळून माप घेतलं आणि तो माझ्या हातात दिला. "मामाला सांग, दिवाळीला नातीसाठी एक जोड करून पाठव. पीळ असाच पाहिजे. इतका चांगला हात वाया कशाला जाऊ द्यायचा?"

दोरा या पाकिटात घातलाय. पोरगी टाळ्या वाजवत होती. तुम्हाला तर चारच बोटं येतात. आता काय करायचं?

आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

तुमची,
अनुजा

* * *

गगनबावडा,
१२ ऑक्टोबर

चि. अनुला आशीर्वाद.

पैंजणांचा जोड झाला. सोबतच्या डबीत हाय. तू जाऊ नगंस, कुणाच्या तरी हाती बंगल्यावर धाड.

दोरा मी चार दिस बाळाबाईला दाखवला न्हवता. ज्यानं तिचा दाल्ला मारला त्याच्याच घरातल्या पायाचं माप तिच्या हातात कसं द्यायाचं? शेवटी घाबरत घाबरत पुढं केला. तिनं आपल्या बोटाला गुंडाळून बघितला. म्हणली, "एवढंसंच पाऊल हाय व्हय?" आन् चुलीम्होरं जाऊन बसली. दुसऱ्या दिशी सकाळी म्हणली, तार आण. मी म्हणलो, तुला करायची गरज न्हाय, मी पळून जाऊ म्हणतो कुठं तरी. म्हणली, "पळून पळून म्हातारी झाले. पोरीनं माझं काय केलंय? आन् केरबाच्या घरातला पीळ त्याच्या घरात वाजला तर वाजू दे."

तुझा सवाल राहिला. का मारली न्हाय. तुला सांगतो, पिच्चरमधी घालू नगंस, कुणाला पटणार न्हाय.

दुपारची येळ हुती. मी दारात हुबा राहिलो, कमरंला सुरा हुता. केरबाला मारला तवा मी दाराबाहीर राखणीला हुतो, हे तिला म्हाईत न्हवतं. तिला वाटलं, माल न्यायला कोण तरी आलंय. तार हातात हुती, भिंतीतला खिळा निघून पडलेला. वर न बघता म्हणली, "पावणं, बरं झालं आलासा. जरा हे टोक धरा."

मी धरलं. घट्ट धरा म्हणली, मी घट्ट धरलं. तास-दीड तास बसलो आसंन. मधी उठून तिनं मला गूळ-पाणी दिलं आन् परत टोक हातात दिलं. पीळ सपला, तवा माझ्या हातनं दुसरं काय हुणार न्हवतं. एवढंच हाय बघ. दया आली, देव आठवला, असलं काय न्हाय. टोक धरलं, ते सोडता आलं न्हाय.

त्याच राती तिला घिऊन आलो. केरबाच्या येळी दारात मीच हुतो हे वाटंतच सांगितलं. दोन वर्सं माझ्याशी बोलली न्हाय. भाकरी मातुर रोज वाढायची.

ह्या येळी तिनं भिंतीत खिळा ठोकू दिला न्हाय. म्हणली, तूच धर. आठ दिस धरून बसलो. परवा दुपारी शेवटचा पीळ चाललेला आन् दार वाजलं. जोरात वाजलं. बाळाबाईचा हात थांबला. कोपऱ्यात कोयता हुता, मी उठाय लागलो. तर ती हळूच म्हणली, "टोक सोडू नगंस. उलगडंल."

मी बसून राहिलो. दार परत वाजलं, तरी तिनं पीळ पुरा घातला, गाठ मारली, मगच मला सोडलं. धोंडुबाई हुती, दळण घिऊन आलती, भिजून चिंब झालती आन् आम्हा दोघांना शिव्या देत हुती.

सयाजीमामा